प्रत्यक्षाची अवहेलना

हल्ली सुशिक्षित मंडळींच्या बोलण्यात एक सिद्धान्त वारंवार ऐकू येऊ लागला आहे. आपण जे जग पाहतो ते जग नव्हेच. कवटीच्या अंधाऱ्या कोठडीत बसलेला मेंदू मज्जातंतूंवाटे आलेल्या संदेशांवरून जो देखावा रचतो, त्यालाच आपण जग म्हणतो, असा तो सिद्धान्त. एवढ्यावर थांबले असते तर आमची तक्रार नव्हती. परंतु त्याला लगेच दोन शेपटे जोडण्यात येतात. पहिले असे की, ज्या अर्थी देखावा मेंदूने रचिला, त्या अर्थी जग हा भ्रम ठरला, आणि आमच्या पूर्वाचार्यांनी हे केव्हाच सांगून ठेविले होते. दुसरे असे की, जशी दृष्टी तशी सृष्टी. सबब कोणाचे खरे आणि कोणाचे खोटे, हा वादच व्यर्थ होय. गेल्या वर्षी एका व्याख्यानमालेत आम्ही हा सिद्धान्त दोन्ही शेपटांसह ऐकिला. व्याख्याते बहुश्रुत होते, वाणी रसाळ होती, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. आम्हीही सभ्यपणाने टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांचे प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहीत आहोत.

प्रथम प्रतिपक्षाचे जे न्याय्य देणे आहे ते चुकते करू. डोळा म्हणजे आरसा, कान म्हणजे कर्णा, आणि मन म्हणजे त्यांतून आलेला माल साठविण्याचे कोठार, ही जुनी समजूत टिकण्यासारखी नाही. माणसाच्या एका डोळ्याच्या पडद्यात प्रकाशग्राही पेशी १२ कोटींच्या आसपास असतात. पण तेथून मेंदूकडे जाणाऱ्या नाडीत तंतू मात्र सुमारे १० लाखच. म्हणजे मजकुराची काटछाट डोळ्यातच सुरू होते. ही नाडी जेथून बाहेर पडते तेथे पाहणारी पेशी एकही नाही. हा ‘अंध बिंदू’ मारिओत ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६८ साली जगापुढे मांडिला. वाचकांनी कागदावर तीन इंचांच्या अंतराने दोन ठिपके काढावे, डावा डोळा मिटावा, उजव्या डोळ्याने डाव्या ठिपक्याकडे टक लावावी आणि कागद हळूहळू जवळ आणावा. सुमारे एक फुटावर उजवा ठिपका नाहीसा होतो. नवल पुढेच आहे. त्याच्या जागी भोक दिसत नाही. कोरा कागदच अखंड पसरलेला दिसतो. ही भर कोणी घातली? अर्थात् आपणच.

तीच गोष्ट रंगांची. प्रकाशाच्या ज्या लहरी आपल्याला दिसतात त्यांची लांबी ढोबळ मानाने ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे एका अफाट सप्तकातील जेमतेम एखादा स्वर. मधमाशीला त्यापलीकडची जंबुपार किरणेही दिसतात, आणि जे फूल आपल्याला सरसकट पिवळे दिसते त्यावर तिला वेगळी नक्षी दिसू शकते. जर्मन पंडित हेल्महोल्ट्स याने आपल्या दृष्टिशास्त्रावरील ग्रंथात (१८५६ ते १८६७) असे प्रतिपादिले की, दिसणे हे एक प्रकारचे अनुमानच होय. मात्र ते आपल्या नकळत आणि क्षणार्धात होते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. इंद्रिये निवड करितात, भर घालितात, आणि प्रसंगी फसतातही.

परंतु ह्यावरून जग भ्रम कसे ठरते? हे आम्हांस कोणी समजावून सांगेल काय? ज्या मेंदूने हा देखावा रचिला, तो मेंदू आहे हे आपणांस कशावरून कळले? कोणा शरीरशास्त्रज्ञाने तो हातात घेतला, चिरला, सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिला, म्हणूनच ना? डोळ्यांची साक्ष सर्वस्वी खोटी असेल, तर मेंदूही खोटा, मज्जातंतूही खोटे, आणि त्यांवर उभारलेला हा सिद्धान्तही खोटा. ज्या फांदीवर बसावे तिच्यावरच कुऱ्हाड चालविण्याचा हा प्रकार आहे. व्याख्यान संपल्यावर हेच व्याख्याते रस्ता ओलांडताना उजवीडावीकडे दोनदा पाहून मगच पाऊल टाकीत होते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. मोटार हा मेंदूचा देखावा आहे, ह्यावर त्यांचा विश्वास सभागृहाच्या दारापर्यंतच टिकला.

भ्रमांची उदाहरणे देताना तर ही मंडळी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा आणून उभा करितात. म्युलर-लायर याची १८८९ सालची आकृती पुष्कळांनी पाहिली असेल. दोन सारख्या रेघा. एकीच्या टोकांना आत वळलेले बाण, दुसरीच्या टोकांना बाहेर पसरलेले. आणि दुसरी रेघ लांब दिसते. पहा, डोळे कसे फसवितात! होय, पण फसविले हे कळले कशाने? पट्टी लावून. आणि पट्टीवरचे आकडे वाचले कोणी? डोळ्यांनीच. अंध बिंदूही त्याच डोळ्याने शोधून काढिला. एका साक्षीदाराची उलटतपासणी दुसऱ्याकडून, आणि पहिल्याच साक्षीदाराची पुन्हा दुसऱ्या जागेवरून, अशी इंद्रियांच्या न्यायालयाची रीत आहे. एक साक्ष खोटी निघाली म्हणून कोणताही शहाणा न्यायाधीश साक्षीपुराव्याचा कायदाच रद्द करा असे म्हणत नाही. आणि खोटी साक्ष उघडी पडते तीही खऱ्या साक्षीमुळेच.

मृगजळाचे उदाहरण तर ह्या बाबतीत फारच चुकीचे वापरले जाते. उन्हाने तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते, तिच्यातून येताना आकाशाचा प्रकाश वाकतो, आणि आकाशाचा तुकडा जमिनीवर चमकताना दिसतो. कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घेता येते. कॅमेऱ्याला ना मन, ना वासना, ना पूर्वसंस्कार. मग त्यालाही भ्रम झाला म्हणावयाचे काय? डोळ्याने चमक कळविली ती खरीच होती. चूक झाली ती ‘हे पाणी आहे’ ह्या निवाड्यात. आणि हा निवाडा चार पावले पुढे गेले की आपोआप दुरुस्त होतो.

आता पूर्वाचार्यांविषयी. ‘सर्व काही स्वप्नवत्’ ह्या मतासाठी शंकराचार्यांना साक्षीला बोलाविणाऱ्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याचा दुसऱ्या अध्यायाचा दुसरा पाद एकवार उघडून पाहावा. तेथे बाह्य पदार्थ नाहीतच, आहे ते केवळ विज्ञान, असे म्हणणाऱ्यांचे खंडन चालले आहे. खांब, भिंत, घट, पट हे पदार्थ प्रत्येक ज्ञानात साक्षात् आढळत असताना ते नाहीत असे म्हणणारा मनुष्य, पोटभर जेवून तृप्त होत असताना ‘मी जेवीत नाही आणि तृप्तही होत नाही’ असे म्हणणाऱ्यासारखा आहे, असा आचार्यांचा आशय आहे. लगेच पुढच्या सूत्रावर ते स्वप्न आणि जागृती ह्यांतील भेद दाखवितात: स्वप्नातील वस्तूचा जागे झाल्यावर बाध होतो, जागेपणी पाहिलेल्या खांबाचा तसा होत नाही, स्वप्न ही स्मृती आहे, जागेपणचे ज्ञान ही उपलब्धी आहे. ब्रह्मज्ञानानंतर जगाचे काय होते हा त्यांचा प्रश्न निराळ्या भूमिकेवरचा आहे. व्यवहारात डोळे मिटून घेण्याचा परवाना त्यांनी कोणासही दिलेला नाही. ज्यांचे नाव घेऊन आपण टाळ्या मिळवितो, त्यांनीच आपला पूर्वपक्ष खोडून काढिला आहे, हे त्या सभेत एकाही श्रोत्याला आठवू नये, याचा आम्हांस खेद वाटतो. त्या श्रोत्यांत आम्हीही होतो.

नैयायिकांनी तर हा प्रश्न फारच बारकाईने हाताळिला आहे. इंद्रिय आणि वस्तू ह्यांच्या संनिकर्षातून ज्ञान उपजले म्हणजे काम झाले, असे गौतम म्हणत नाही. ते ज्ञान न ढळणारे हवे आणि निश्चयात्मक हवे, अशा अटी तो घालतो. भाष्यकार वात्स्यायन पहिल्या अटीसाठी मृगजळाचे उदाहरण देतो, आणि दुसरीसाठी दूरवर काहीतरी दिसून ‘हा धूर की धूळ?’ असा संशय पडलेल्या माणसाचे. दिङ्नागाने ह्याच्या उलट, कल्पनेचा स्पर्शही न झालेले ते प्रत्यक्ष, अशी व्याख्या केली. आणि मग इंद्रियांनी दिले किती व मनाने घातले किती, ह्यावर शतकानुशतके वाद झाला. मेंदू भर घालतो हे ऐकून आमच्या ह्या पंडितांपैकी एकालाही धक्का बसला नसता. पण ‘म्हणून सत्यासत्याचा विचारच सोडा’ हे ऐकून मात्र त्यांपैकी प्रत्येकाला बसला असता. हा सगळा वाद सत्यासत्याचा निर्णय व्हावा म्हणूनच तर चालला होता.

मग प्रत्यक्ष म्हणजे आहे तरी काय? आमचे उत्तर आमच्या मायबोलीतच दडलेले आहे. मराठीत ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ अशी दोन वेगळी क्रियापदे आहेत. ‘मला दिसते’ ह्यात आपण चतुर्थीत असतो. काहीतरी घडते आणि ते आपल्यापर्यंत येऊन पोहोचते. ‘मी पाहतो’ ह्यात आपण कर्ते असतो. त्याहून मौजेची गोष्ट ही की, हे ‘पाहणे’ एकट्या डोळ्यांच्या मालकीचे राहिलेले नाही. आपण चाखून पाहतो, हुंगून पाहतो, हात लावून पाहतो, ऐकून पाहतो, विचारून पाहतो, आणि शेवटी करून पाहतो. पाचही इंद्रियांच्या कामाला आणि हातपायांच्या कामालाही एकच शब्द! जाणीव ही आपल्यावर नुसती येऊन आदळत नाही, की आत बसून कोणी ती विणीतही नाही. ती करून पाहण्यातून सिद्ध होते, असे ज्या अनाम माणसांनी ही भाषा घडविली त्यांना दिसले असले पाहिजे.

अर्थात् व्याकरण हा पुरावा नव्हे. म्हणून प्रयोगाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेत रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन ह्या दोघांनी अंधारात वाढविलेली मांजराची पिल्ले घेतली. दोन दोन पिल्ले एका फिरत्या दांड्याच्या दोन टोकांना जोडली. एक आपल्या पायांनी चाले, दुसरे परडीत बसून त्याच्याबरोबर फिरविले जाई. उजेड तोच, भिंतीवरचे पट्टे तेच. दोघांच्या डोळ्यांपुढून जवळपास सारखेच दृश्य सरकत होते. काही काळाने पाहावे तो चालणारे पिल्लू कड्याचा भास करणाऱ्या काठापाशी थबके, टेबलाजवळ नेले की पंजा पुढे करी. परडीतल्या पिल्लाला ह्यातले काही येत नसे. त्याच्या डोळ्यांत दोष नव्हता. त्याला दिसत होते. पाहता येत नव्हते. पुढे उजेडात मोकळे सोडल्यावर तेही शिकले.

माणसाच्या बाबतीतला पुरावा तर आपल्याच देशातला आहे. १६८८ साली डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू ह्या गृहस्थाने तत्त्वज्ञ लॉक यास एक प्रश्न पाठविला होता. त्याची पत्नी अंध होती. जन्मांध मनुष्य स्पर्शाने गोळा कोणता आणि घन कोणता हे ओळखतो. त्याला एकाएकी दृष्टी आली, तर हात न लावता, नुसते पाहून तो ते ओळखील काय? तीनशेहून अधिक वर्षे ह्यावर वाद झाला. पवन सिन्हा ह्यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात दिल्ली येथे जन्मापासून अंध असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देण्यात आली, आणि त्यांपैकी ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच जणांची परीक्षा घेऊन २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या निबंधाच्या लेखकांत पहिले नाव त्याच रिचर्ड हेल्ड ह्यांचे आहे. हाताने चाचपलेली वस्तू मुले पुन्हा हाताने बिनचूक ओळखीत. डोळ्यांनी पाहिलेली पुन्हा डोळ्यांनी ओळखीत. पण हाताला माहीत असलेली वस्तू डोळ्यांनी निवडताना ती जवळजवळ अंदाजच करीत. मात्र ज्यांची पुन्हा परीक्षा घेता आली, त्यांना काही दिवसांतच ते साधू लागले होते.

ह्या एका निष्कर्षाने दोन्ही आंधळी मते निकालात निघतात. डोळा आरसा असता, तर पट्टी सुटताच गोळा हा गोळा म्हणून दिसता. आणि जग ही मेंदूची मनमानी रचना असती, तर हाताची सृष्टी निराळी आणि डोळ्यांची निराळी अशाच त्या दोन कायम राहिल्या असत्या. काही दिवसांच्या वहिवाटीने त्या एकमेकींशी जुळल्या नसत्या. जुळल्या त्या अशासाठी की, हात ज्याला लागत होता आणि डोळे ज्याच्याकडे वळत होते, ती वस्तू एकच होती.

राहिले दुसरे शेपूट: जशी दृष्टी तशी सृष्टी. हे वचन दुसऱ्याविषयी उदार असावे ह्या अर्थाने कोणी उच्चारील तर आम्ही मान डोलवू. पण व्यवहारात ते कोणाच्या कामी येते, हे आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगाने आम्हांस शिकविले. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या काकू म्हणू लागल्या, “नळाच्या पाण्याला वास येतोय रे.” आम्ही एकदा पेला नाकाशी नेला, आम्हांस काही जाणवले नाही, आणि “काकू, तुमच्या मनाचा खेळ असेल” असे म्हणून वर्तमानपत्र उचलिले. काकूंनी तक्रार केली. चौकशीला आलेल्या गृहस्थांनी हसून सांगितले, “आजी, वय झालं की असे भास होतात.” पाहा, हा आमच्या व्याख्यात्यांचाच सिद्धान्त! फरक एवढाच की, तो आता ज्याच्या हाती अधिकार होता त्याच्या तोंडी होता, आणि ज्या बाईला पाणी भरावयाचे होते तिच्या नाकाविरुद्ध होता.

काकूंचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. त्यांनी काय केले? एका तांब्यात नळाचे पाणी भरले, दुसऱ्यात शेजारच्या विहिरीचे. दोन्ही झाकून ठेविले. नाकाला वासाची सवय होते हे त्यांना स्वयंपाकघराने शिकविलेले होते, म्हणून तासभर देवळात जाऊन आल्या आणि मग झाकणे काढून हुंगून पाहिले. तेवढ्याने समाधान न होता शेजारणीला बोलाविले, आणि कोणते पाणी कुठले हे न सांगता तिलाही हुंगावयास लाविले. तिनेही तोच तांब्या दूर सारला. पाचव्या दिवशी शेजारच्या बिऱ्हाडातील मूल जुलाबांनी अंथरुणास खिळले. मग रस्ता खणला गेला. गटाराची नळी फुटली होती आणि तिच्यालगतच पिण्याच्या पाण्याची नळी झिरपत होती. मूल बरे झाले, हे त्याचे दैव. त्या चार दिवसांचा हिशेब मात्र आमच्या नावावर आहे. आम्हांस नाक होते आणि तत्त्वज्ञानाची पदवीही होती. पण आम्ही एकदा हुंगिले ते काकूंना खोटे ठरविण्यासाठी. काकूंनी हुंगून पाहिले ते खरे काय आहे हे कळावे म्हणून.

येथे कोणी म्हणेल की, नाकावर भरवसा ठेवणेही धोक्याचेच. जंतूंना वास नसतो, आणि काही विषारी वायूंनाही नसतो. अगदी बरोबर. म्हणूनच तर प्रयोगशाळा हवी. पण प्रयोगशाळा म्हणजे इंद्रियांचा अव्हेर नव्हे. काकूंच्या दोन तांब्यांचाच तो विस्तार होय. आणि कोणी म्हणेल की, दृष्टिभेद तर खरोखरच असतो. असतो, पण तो राजा राजाचा राज्यभेद नव्हे, तो तयारीचा भेद आहे. दरबारी कानड्यातील गंधाराचे आंदोलन नवशिक्याच्या कानाला जाणवत नाही, तयार कानाला जाणवते. ह्यावरून ‘ज्याचा त्याचा गंधार’ असे कोणी गवई म्हणत नाही. तो शिष्याला पुढे बसवितो आणि पुन्हा पुन्हा ऐकवितो, गाऊन घेतो. ऐकू न येणारे ऐकू येऊ लागते, ते आधीपासून तेथे होते म्हणूनच.

जगाला भ्रम म्हणण्यात एक सोय आहे, आणि आम्हां पांढरपेशांना ती फार आवडते. जग भ्रम असेल तर पाहण्याचे कष्ट नकोत, चुकल्याची लाज नको, आणि दुसऱ्याची तक्रार ऐकून घेण्याचे बंधन तर मुळीच नको. ही सोय आपण मुलांनाही लावीत आहोत. त्यांच्यापुढून काचेच्या पडद्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत समुद्र, अरण्ये, पक्षी, दूरदूरची नगरे सरकत असतात. आम्ही म्हणतो, मुले किती पाहतात! मांजराच्या पिल्लांवरून माणसांच्या मुलांविषयी सिद्धान्त बांधू नये हे आम्ही जाणतो. तरी परडीतले ते पिल्लू काही केल्या आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. ज्याने कैरी फोडून चाखून पाहिली नाही, चिखलात पाय घालून पाहिला नाही, आपले म्हणणे चुकले हे एकदा तरी स्वतःच्या हातांनी पडताळून पाहिले नाही, त्याला उद्या कोणीही सांगावे की तुला दिसते ते खोटे, आणि त्याने ते निमूट मानावे. असा श्रोता व्याख्यात्याला गोड वाटेल. प्रजा म्हणून तो फार स्वस्त पडेल.

इंद्रिये आपल्याला जग आयते देत नाहीत; आणि ती जग निर्माणही करीत नाहीत. जगाशी रोज व्यवहार करून, रोज चुकून आणि रोज दुरुस्त होऊन, ती आपल्याला जगाचे भान आणून देतात. हे काम आपल्यासाठी दुसरा कोणी करू शकत नाही. काकू हल्लीही सकाळी पहिले पाणी भरताना हंडा नाकाशी नेतात. आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवितो आणि विचारितो, “काय म्हणतंय पाणी?” त्या हंडा आमच्याकडे करितात आणि म्हणतात, “मला काय विचारतोस? घे, पाहा.”